न भाजणारा हात

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळच्या राजांची नावं भाटांच्याही तोंडून कधीच गळून गेली. लहानांनी जवळ सरकून ऐकावी. मोठ्यांनी हवं तर ऐकत नसल्याचं सोंग करून ऐकावी, कारण यातली लबाडी मोठ्यांचीच आहे.

डोंगराच्या खांद्यावर एक गाव होतं. वर दाट रान, खाली खोल दरी, आणि गावाच्या कडेने वाहणारा एक ओढा. राजा पार लांब, त्यामुळे गावाचा सगळा भार नाईकावर असे. भांडणं त्यानेच मिटवायची आणि जनावर आलं तर त्यानेच पुढे व्हायचं. पाणी आटलं, की वाटेकरीही त्यानेच ठरवायचे.

नाईक निवडायची गावाची एक रीत होती. जत्रेच्या दिवशी देवीच्या होमातला रसरशीत निखारा उघड्या तळहातावर घ्यायचा आणि देवळाच्या पायरीपासून पारापर्यंत चालत जायचं. हात भाजायचा, भाजणारच. माणूस ओठ मिटून, डोळ्यांत पाणी आणून चालायचा आणि पारावरची म्हातारी माणसं त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची. ज्याला स्वतःचं दुखणं सोसता येतं, त्याला गावाचं दुखणं कळेल, एवढाच त्या रीतीचा साधा अर्थ. नंतर बायका त्याच्या हाताला लोणी लावायच्या आणि तो चांगला महिनाभर डाव्या हाताने जेवायचा.

गावाची आणखी एक रीत होती, आणि तिच्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नसे. कोणाच्या अंगावर फिकट, बधिर डाग उठला, की त्या माणसाने ओढ्यापलीकडच्या झोपड्यांत राहायला जायचं. घरच्यांनी भाकरी बांधून द्यायची. माणसाने ओढ्यावरच्या साकवावरून, त्या लाकडी पुलावरून, पलीकडे जायचं. जाणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही आणि राहणाऱ्यांनी त्याला हाक मारायची नाही.

त्या गावात मध काढणारा एक तरुण होता. माणूस कष्टाळू, बोलायला गोड, कोणाच्या अध्यात ना मध्यात. घरी बायको आणि सोनकी नावाची लहानगी लेक. लहानपणी त्याने आपल्या मामाला साकवावरून जाताना बघितलं होतं. मामाची पाठ त्याच्या अजून डोळ्यांपुढे होती.

एके दिवशी रानात पोळं उतरवताना एक माशी त्याच्या डाव्या मनगटावर बसली. तिने नांगी मारली आणि उडून गेली. नांगी कातडीत रुतलेली त्याला दिसत होती. पण वेदना? वेदना आलीच नाही. मध काढणाऱ्याला माशीचा डंख म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. त्याने इकडेतिकडे बघितलं, जवळचा एक काटा मोडला आणि मनगटात टोचला. रक्त आलं. दुखलं नाही.

झाडाखाली बसून तो कितीतरी वेळ त्या मनगटाकडे बघत राहिला. तिथे कातडी जराशी फिकट होती. जराशीच. ‘सारखे डंख खाऊन हाताला सवय झाली असेल,’ तो स्वतःला म्हणाला. मग पोळं खांद्यावर टाकून घरी आला, सोनकीला बोटाने मध चाटवला आणि बायकोला काहीच सांगितलं नाही.

त्याच वर्षी म्हातारा नाईक वारला. जत्रेत नव्या नाईकाचं नाव निघालं, आणि ते नेमकं याचंच निघालं. नको म्हणावं, तर लोक कारण विचारणार. कारण विचारलं, की हात बघणार. तो निमूट उभा राहिला. निखारा कुठल्या हातात घ्यायचा असा काही नियम नव्हता. त्याने डावा हात पुढे केला.

तो चालू लागला आणि दुखण्याची वाट बघू लागला. पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. आता भाजेल, आता जीव कळवळेल. तेवढं झालं असतं, तर त्याने देवीला पाच नारळ फोडले असते! भाजलं नाही; बधिरपणा मनगटावरून तळहातात उतरला होता. नाकाला मात्र जळल्याचा वास आला, आणि तो वास आपलाच आहे हे त्याला कळलं. त्या भीतीने त्याचे ओठ वाकडे झाले. लांबून ते हसल्यासारखं दिसलं.

“हसतोय! निखारा हातात हाय आन हसतोय ह्यो!” कोणीतरी ओरडलं.

पारावरचा सगळ्यांत म्हातारा माणूस काठी टेकत उठून उभा राहिला. “आजवर कुनी असं चाललं न्हाई. देवीनं हात धरलाय ह्याचा,” तो म्हणाला आणि त्याने हात जोडले. मग साऱ्या गावाने जोडले.

आता बघा. त्या दिवशी त्या माणसाच्या मनात दोन आवाज होते. एक म्हणत होता, तू मेलेला हात घेऊन फिरतो आहेस. दुसरा म्हणत होता, देवीने तुझा हात धरला आहे. पहिला आवाज एकट्याचा होता. दुसऱ्याच्या मागे ढोल होते, हलगी होती आणि सारं गाव होतं. तुम्ही कुठला ऐकला असता? खरं सांगा हं.

नाईक झाल्यावर थोड्याच दिवसांत एक आजी आपल्या नातवाला घेऊन आली. “नाईक, जरा तुमचा हात ठेवा ह्याच्या डोक्यावर. देवीचा हात त्यो.” नाईकाने डावा हात मुलाच्या कपाळावर ठेवला. हाताला काहीच लागलं नाही. “गार हाय,” तो म्हणाला. मुलाला झालं होतं काय, तर जरासं सर्दीपडसं! दुसऱ्या दिवशी ते झाडावर चढून चिंचा पाडत होतं. आजीने गावभर डंका पिटला.

मग रीघच लागली. कोणाचं मूल किरकिर करू लागलं, की आई त्याला उचलून नाईकाच्या अंगणात आणी. नाईक हात ठेवी आणि म्हणे, “गार हाय.” आई हसत परत जाई. पोरांची दुखणी बहुतेक आपोआप येतात आणि आपोआप जातात. ती गेली, की श्रेय हाताला मिळे. हळूहळू बायकांनी आपल्या पोरांच्या कपाळाला हात लावून बघायचं सोडलंच. काढ्यासाठी आढ्याला टांगलेल्या मुळ्या घराघरांतून वाळून भुगा झाल्या. मूल रात्रभर कण्हलं, तरी आई म्हणे, सकाळी नाईकांना दाखवू.

नाईक खोटं बोलत होता का? छे! तसं तो स्वतःला रोज बजावत असे. हाताला जे लागलं तेच आपण सांगतो. हाताला गार लागलं, म्हणून गार म्हणालो. यात खोटं ते काय?

एकदा कासारीण आली. बांगड्या भरत गावोगाव फिरणारी बाई. तिला फार उशिरा, नवसासायासाने मूल झालं होतं. ते छातीशी घट्ट धरून ती धापा टाकत अंगणात शिरली.

“नाईक, ह्याचं कपाळ भाजतंय. दूध बी घेत न्हाई.”

नाईकाने डावा हात ठेवला. “गार हाय.”

“न्हाई हो, नीट बघा की. चटका बसतोय माज्या हाताला.”

अंगणातल्या बायकांत कुजबूज झाली. “अगं, तुझा हात मोठा का देवीचा?” एकजण म्हणाली. “शंका घ्यायची न्हाई अशी.”

नाईकाचा उजवा हात आपोआप उचलला गेला. त्या हाताला सगळं समजत होतं. तो त्या बाळाच्या कपाळापासून वीतभर अंतरावर आला. आणि मग नाईकाला वाटलं, देवीचा हात सोडून मी दुसरा हात का लावतो आहे, असं कोणी विचारलं तर? सगळे बघत आहेत. हात तसाच खाली आला.

“गार हाय,” तो पुन्हा म्हणाला. “घरी जा.”

पुढच्या बाजाराच्या आत ते बाळ गेलं.

नाईक घरात दार लावून बसला. आता ती येणार, चार माणसांत आपल्याला विचारणार, या धास्तीने तो बाहेरच्या प्रत्येक पावलाचा कानोसा घेत होता. ती आलीही. पण तिने आरडाओरड केली नाही. दारात उभं राहून ती खालच्या आवाजात म्हणाली, “चुकी माजीच हाय, नाईक. देवीनं गार सांगितल्यावर मी उगं भाजतंय भाजतंय करत बसले. देवी कोपली. माजा हातच खोटा निगाला.” बोलताना तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते. त्या दिवसापासून तिने बांगड्या भरायचं सोडलं. कोणाच्या लेकराला ती हात लावीना. विहिरीवरसुद्धा हात पदराखाली.

ती गेली, तेव्हा नाईकाचा जीव भांड्यात पडला. आणि आपल्याला बरं वाटलं, या गोष्टीचीच त्याला मनातून फार भीती वाटली.

एका सकाळी तो उठला, तर अंथरुणावर रक्त. डाव्या हाताच्या करंगळीचं टोक उंदराने कुरतडलं होतं, आणि तो सुखाने झोपला होता! बायको पाण्याला गेली होती. ती यायच्या आत त्याने बोट धुतलं आणि सगळ्या हाताला एक लाल फडकं गुंडाळलं. “कोयता लागला जरा,” तिला सांगितलं. गावाला तेवढंही सांगावं लागलं नाही. देवीच्या हाताला देवीचं वस्त्र, असं गावानेच ठरवून टाकलं. लोक त्या फडक्यावर हळदकुंकू वाहू लागले. कोणी तर त्याच्यापुढे गुळाचा खडाही ठेवू लागलं. फडक्याखाली बोट सडत होतं, आणि वर झेंडूची फुलं!

त्याच सुमारास एक म्हातारी वैदीण गावात आली. खांद्यावर झाडपाल्याची झोळी, तोंडात तंबाखू, आणि बोलणं सडेतोड. भर दुपारी ती नाईकाच्या अंगणात टेकली, पाणी प्याली आणि त्या लाल फडक्याकडे बघत राहिली.

“कापड सोडा,” ती म्हणाली.

“देवीचं वस्त्र हाय ते.”

“त्या वस्त्रावर माशा घोंगावत्यात. मला हितं बसून वास येतोय, आन तुमी त्याच हातानं मांडी खाजवताय. सोडा म्हन्ते ना.”

अंगणात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. नाईकाने काही फडकं सोडलं नाही. पण म्हातारीला ते बघायची गरजही नव्हती.

“दुखनं फार जुनं न्हाई तुमचं,” तिने आवाज खाली आणला. “कडू तेल हाय माज्याकडं. गेलेलं बोट त्यानं परत यायचं न्हाई, पर हाय ते ऱ्हाईल. मातर हात उघडा टाकून उनात बसावं लागंल, रोजच्या रोज. आन डोळ्यानं बघावं लागंल, कुठं लागलं, कुठं भाजलं. जो हात सोताहून सांगत न्हाई, त्याला रोज इचारावं लागतं. झाकून ठेवला, तर औषीद न्हाई.”

उघडा हात! आणि दिवसाउजेडी! नाईकाला साकव दिसला, मामाची पाठ दिसली. तो ताडकन उठला. “देवीच्या हाताला रोग म्हन्तीस?” त्याचा आवाज इतका चढला, की शेजारपाजारचे धावत आले. “हिला गावाच्या भाईर काढा. पुन्यांदा वेशीच्या आत घेऊ नका!”

लोकांनी तिची झोळी ओढली. म्हातारीने ती शांतपणे परत खांद्यावर घेतली. “जाते. वड्यापल्याड हाय मी. तितं मला कुनी हाकलत न्हाई.” जाता जाता ती नाईकाजवळ थांबली आणि त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, “दुसरा हात बी बगून घ्या.”

त्याने बघितला नाही. उलट त्या दिवसापासून तो उजव्या हाताने गरम भाकरी घेईना. ती निवायची वाट बघे. आंघोळीच्या ऊन पाण्याच्या घंगाळात हात घालेना. चुलीजवळ बसेना. असं का करतो, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. विचारायचं नाही एवढंच त्याने ठरवलं होतं, आणि सारा दिवस तेच ठरवण्यात जाई.

पावसाळा सरला आणि गावात पोरं एकाएकी आजारी पडू लागली. अंगण भरून जाऊ लागलं. नाईक एकामागून एक कपाळाला हात लावत होता. गार हाय. गार हाय. ह्यो बी गार हाय. आया समाधानाने घरी जात होत्या.

मग एका सकाळी बायको दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

“अवो, सोनकीला बगा जरा. मला बाई तिचं कपाळ भाजल्यागत वाटतंय. पर माजं काय घिऊन बसलात. तुमी हात ठेवा.”

सोनकी गोधडीवर पडली होती. ओठ सुकलेले, डोळे मिटलेले, छाती भराभर वरखाली होणारी. नाईकाने सवयीने डावा हात ठेवला. काही नाही. बायको त्याच्या तोंडाकडे बघत होती. अंगणातून कोणीतरी विचारलं, “गार हाय न्हवं, नाईक?”

आजवर त्याने जे केलं नव्हतं, ते आता केलं. त्याने उजवा हात लेकीच्या कपाळावर ठेवला.

काहीच लागलं नाही.

त्याला वाटलं, हात नीट टेकला नाही. त्याने तो आणखी टेकवला. गरम नाही, गार नाही, मऊ नाही. तिथे कपाळ आहे हेसुद्धा हात सांगत नव्हता. त्याने आणखी जोर दिला.

सोनकीने डोळे उघडले. “आबा, दाबू नका ना,” ती क्षीण आवाजात म्हणाली. “दुखतंय मला.”

त्याने हात झटकन मागे घेतला. तिच्या कपाळावर त्याच्या बोटांचे वळ उठले होते. आपण मुलीला दुखवत होतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता! हातांनी आता काहीच कळणार नव्हतं. तो वाकला आणि त्याने आपले ओठ तिच्या कपाळावर टेकले.

ओठ भाजले. पोर तापाने पेटली होती.

आता त्याला ठाऊक झालं. पण ठाऊक होणं वेगळं आणि बोलणं वेगळं. संध्याकाळपर्यंत वाट बघू, तो मनाशी म्हणाला. उतरेलही ताप. पोरांचे ताप उतरतात की. बोललो, तर हात बघतील. हात बघितला, तर साकव. मग सोनकीला कोण जवळ घेईल, तिच्याशी कोण खेळेल? आपण तिच्यासाठीच गप्प आहोत, असं त्याला वाटू लागलं. अगदी खरं खरं वाटू लागलं! आणि तेवढ्यात सोनकीचा श्वास अडकला. एक क्षणभरच अडकला, मग घरघरत परत सुरू झाला.

कासारणीचं बाळही असंच गेलं असेल.

नाईक उठला, दाराबाहेर आला आणि दातांनी गाठ ओढून त्याने लाल फडकं सोडलं. ते हाताला चिकटलं होतं. ते ओढून काढताना चार बायकांनी तोंडाला पदर लावला.

“ह्यो देवीचा हात न्हाई,” तो म्हणाला. “मेलेला हात हाय. मी नाईक व्हायच्या आदीपासनं मेलाय. मला गरम कळत न्हाई, गार कळत न्हाई. आता दोनी हात गेलं. माजी पोर तापानं फणफणलीया आन मला कळलं न्हाई. तुमच्या पोरांचं काय झालंय, ते बी मला ठावं न्हाई. आपापल्या हातानं बगा.”

तो थांबला आणि दगड यायची वाट बघू लागला. याच क्षणाला तो इतकी वर्षं भीत आला होता.

एकही दगड आला नाही. कोणी शिवीही दिली नाही. पारावरचा म्हातारा पुढे आला आणि त्याने हात जोडले. “नाईक, आमची परीक्षा बगताय व्हय? असं बोलू नये. देवी कोपंल.”

“आवो, खरं सांगतोय मी! बगा ह्यो हात!”

“देवीचं तेज हातात मावत न्हाई, म्हनून तसं झालंय,” एकजण म्हणाली. दुसरीने आपलं मूल त्याच्यापुढे धरलं. मुलाची मान कलंडली होती. “ते ऱ्हाऊ द्या नाईक. आदी ह्याला हात लावा. कालधरनं निजूनच हाय.”

नाईकाची पाचावर धारण बसली. लोक आपल्याला घालवून देतील, एवढीच भीती त्याला आजवर माहीत होती. लोक खरं ऐकणारच नाहीत, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याच्या खोट्याची त्यांना त्याच्याहून जास्त गरज झाली होती. तो ओरडत राहिला, आणि ते हात जोडत राहिले.

मग गर्दीच्या मागून एक आवाज आला.

“म्हंजी माजा हात खरा हुता?”

कासारीण पुढे आली. लोकांनी आपोआप वाट दिली. दोन्ही हात पदरात, तशीच ती त्याच्यापुढे उभी राहिली.

“खरा हुता,” नाईक म्हणाला.

“आन तुमाला तवाच ठावं हुतं?”

न्हवतं, हा शब्द नाईकाच्या जिभेवर अगदी तयार होता. कोण पडताळून बघणार होतं? डावा हात बधिर होता, त्याला कळलं नाही, ही गोष्ट कोणालाही पटली असती. पुढच्या आयुष्यात ती त्याला स्वतःलाही पटली असती. घरातून सोनकीचं कण्हणं ऐकू येत होतं.

“ठावं हुतं,” तो म्हणाला. “हात मेलाय हे ठावं हुतं. उजवा तवा चांगला हुता. उचलला बी हुता मी. मग लोकं काय म्हन्तील म्हनून भ्यालो आन खाली घेतला.”

कासारणीने पदरातून हात बाहेर काढले. तिने ते उलटसुलट करून बघितले. मग ती नाईकाच्या अंगावरून त्याला न शिवता आत गेली आणि तिने सोनकीच्या कपाळावर हात ठेवला.

“भाजतंय,” तिचा आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू गेला. “वैदिणीकडं न्याया पायजेल. गोधडी धर गं त्या अंगानं.” ती आणि नाईकाची बायको पोरीला घेऊन निघाल्या आणि साकवाच्या वाटेला लागल्या.

तेव्हा कुठे त्या मूल पुढे धरणाऱ्या बाईने भीत भीत आपला तळवा मुलाच्या कपाळाला लावला. कितीतरी दिवसांनी लावला. तिने किंकाळी फोडली. “अगं बया, भट्टीच हाय ही!” तिच्या शेजारणीने आपल्या मुलीला हात लावला. मग तिसरीने लावला. अंगणभर आक्रोश उठला. घराघरांतून बायका धावू लागल्या, कडेवर, खांद्यावर, झोळीत पोरं घेऊन. आणि प्रत्येक पोर समोरून गेलं, तसा नाईकाला त्याच्या कपाळावर टेकवलेला आपला हात आठवला. ह्याला आपण काल गार म्हणालो. हिला परवा. ह्या जुळ्यांना तर हसत हसत म्हणालो.

वैदिणीने कोणाला जुनं काही बोलून दाखवलं नाही. तेवढी तिला फुरसतच नव्हती. पलीकडच्या झोपड्यांतली माणसं चुली पेटवून काढे उकळत बसली. पुष्कळ पोरं वाचली. काही पोरांना आणायला फार उशीर झाला होता. त्यांच्यासाठी ओढ्याच्या काठी खड्डे खणावे लागले, आणि ते नाईकाने खणले. खणताना तळहात सोलून निघाले, तरी त्याला काही दुखलं नाही. दुखायला हवं होतं, असं त्याला फार फार वाटलं.

सोनकी वाचली.

नाईकाला कोणी घालवलं नाही. तो आपणहून पलीकडे राहिला. उन्हात दोन्ही हात उघडे टाकून बसे. वैदीण कडू तेल चोळी, आणि येणारेजाणारे साकवावरून बघत. आणखी बोटं गेली नाहीत, पण गेलेलं परतही आलं नाही. आता साकव ओलांडायला कोणी भीत नव्हतं; सोनकी रोज येई, त्याच्या मांडीवर बसे, आणि तिचा हात हातात असूनही तो आहे की नाही हे त्याला बघूनच समजे.

एकदा कासारीण वैदिणीकडे मुळ्या घ्यायला आली. नाईक उठला आणि तिच्या पायांपाशी बसला.

“पोर वाचली तुमची,” ती म्हणाली. “चांगलं झालं. पर माफी मागू नका. ती न्हाई माज्याकडं.”

तिने मुळ्या ओच्यात बांधल्या आणि ती साकवावरून निघून गेली. नाईकाने पुन्हा दोन्ही हात उन्हात उघडे टाकले.

तेव्हा लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो आपलं दुखणं स्वतःपासून लपवतो, त्याच्या लपवण्याची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्याच्या लेकराला मोजावी लागते.